उन्हाचा गॉगल निवडताना काय पाहावं

गॉगल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारतं. एक, "कसा दिसतो मला?" आणि दुसरा, "यापेक्षा काळी काच आहे का?" पहिल्याचं उत्तर आरसा देतो. दुसऱ्यापाशी मी थांबते आणि समोरच्याला स्टुलावर बसवते. काच किती काळी आहे आणि ती डोळ्याला किती जपते, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गॉगल निवडताना हे एवढं जरी पक्कं समजलं तरी निम्मं काम झालं.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि सोलापुरात चष्म्याचं दुकान चालवते. आमच्याकडचं ऊन कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. ऑगस्टच्या सुरुवातीला तो पुन्हा एकदा तसाच येतो, फक्त तेव्हा ढगांमुळे आपल्या लक्षात येत नाही. अशा गावात गॉगलकडे नटण्याची वस्तू म्हणून पाहणं मला परवडत नाही. शेतकरी, रिक्षावाले, एसटीचे चालक, पोलीस, बांधकामावरच्या बायका, दिवसभर दुचाकीवर फिरणारे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, या सगळ्यांसाठी तो डोक्यावरच्या टोपीइतकाच गरजेचा आहे.

डोळ्यांना नक्की कशापासून जपायचं?

उन्हात डोळे दिपतात ते दिसणाऱ्या प्रकाशामुळे. डोळ्याचं कायमचं नुकसान मात्र बरंचसं न दिसणाऱ्या अतिनील किरणांमुळे होतं. आम्ही दुकानात त्यांना सरळ 'यूव्ही' म्हणतो. प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. साधारण ४०० नॅनोमीटरच्या वरचा प्रकाश आपल्याला दिसतो, त्याखालचा दिसत नाही. २८० ते ३१५ हा यूव्ही-बी आणि ३१५ ते ४०० हा यूव्ही-ए. २८० च्या खालचा यूव्ही-सी वातावरणातच अडतो, जमिनीपर्यंत येत नाही.

डोळ्यात शिरणारा यूव्ही-बी बराचसा बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया शोषून घेतो. उरलेल्यातला मोठा भाग आतलं नैसर्गिक भिंग शोषतं. म्हणजे मागचा पडदा वाचतो, पण त्याची किंमत पुढचे भाग मोजतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने मोतीबिंदूचा धोका वाढतो, पापण्यांच्या त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, आणि आमच्या भागात सर्रास दिसणारी गोष्ट म्हणजे 'डोळ्यावर मांस वाढणं'. डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात. नाकाच्या बाजूने पांढऱ्या बुबुळावरून एक गुलाबी पातळ पापुद्रा काळ्या बुबुळाकडे सरकत येतो. आधी नुसता लालसरपणा आणि खुपल्यासारखं होतं, पुढे चष्म्याचा तिरका नंबर वाढतो, आणि फारच आत आला तर नजरेच्या आड येतो. शस्त्रक्रियेने तो काढता येतो, पण परत वाढायची शक्यता राहतेच.

हा पापुद्रा बहुतेकांना नाकाच्याच बाजूने का वाढतो, हे समजलं की गॉगलच्या आकाराचं महत्त्वही समजतं. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी १९९० च्या दशकात याचं स्पष्टीकरण मांडलं. कानाच्या बाजूने, कडेने येणारा प्रकाश कॉर्नियावर पडतो आणि कॉर्नियाची गोलाई त्याला वळवून बरोब्बर समोरच्या, म्हणजे नाकाकडच्या कडेवर एकवटते. भिंगाने कागदावर ऊन गोळा करतो ना, तसं. म्हणजे समोरून कितीही उत्तम काच लावली आणि कडा उघड्या ठेवल्या, तर जे ऊन जास्त त्रास देतं त्याला आपण वाट मोकळीच ठेवली.

आता काळेपणाचं. काचेत रंग मिसळला की दिसणारा प्रकाश कमी होतो. यूव्ही अडवायला मात्र काचेच्या मूळ पदार्थात किंवा लेपात यूव्ही शोषणारं द्रव्य असावं लागतं. ते नसेल तर काच कोळशासारखी काळी असूनही यूव्ही आत येऊ शकतो. उलट, ते असेल तर पाण्यासारखी पारदर्शक काचही यूव्ही पूर्ण अडवते. काळ्या काचेमागे आणखी एक गोष्ट घडते. अंधार वाटल्यामुळे आपण डोळे किलकिले करायचं सोडतो आणि बाहुलीही थोडी मोठी होते. डोळ्याने स्वतःचा जो बचाव चालवला होता तोच आपण बंद करतो. म्हणून यूव्ही न अडवणारी गडद काच मला अगदी नको वाटते.

पहिला प्रश्न: यूव्ही ४०० आहे का?

दुकानात शिरल्यावर रंग, आकार, कंपनी यांच्या आधी हे विचारा. काडीच्या आतल्या बाजूला किंवा लेबलवर 'यूव्ही ४००' किंवा 'शंभर टक्के यूव्ही-ए आणि यूव्ही-बी संरक्षण' असं लिहिलेलं असतं. यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण काच अडवते. नुसतं 'यूव्ही प्रोटेक्शन' लिहिलं असेल तर किती ते विचारा. 'सीई' अशी खूण असेल तर युरोपच्या नियमांत माल बसतो असा तो बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो, कुणी तिसऱ्याने तपासल्याचा तो दाखला नाही. रस्त्यावरच्या मालावर तर हे सगळं छापलेलं स्टिकर वेगळं चिकटवता येतं. म्हणून लेबलवर थांबू नका, तपासून मागा.

तपासायला चष्म्याच्या दुकानात लहानसा यूव्ही मीटर असतो. काच त्याच्या खाचेत धरली की किती यूव्ही आरपार गेला तो आकडा दिसतो. एक मिनिटाचं काम आहे. गॉगल तुम्ही दुसरीकडून घेतलेला असला तरी बहुतेक दुकानदार सहज तपासून देतात. संकोच करू नका, मी तर अशा माणसाचं कौतुकच करते. फक्त इतकं लक्षात ठेवा की असा लहान मीटर बहुधा एखाद्याच तरंगलांबीला मोजतो. त्यामुळे तो नापास म्हणाला तर काच नक्की नको, आणि पास म्हणाला तर चांगली असण्याची शक्यता बरीच, असा त्याचा अर्थ घ्यावा.

मीटर नसेल तर नोटा तपासायची यूव्ही बॅटरी चालते. आपल्या नोटांच्या क्रमांकाची छपाई आणि कागदातले बारीक तंतू यूव्हीखाली चमकतात. अर्धवट अंधारात नोटेवर बॅटरी मारा, चमक बघा, मग बॅटरी आणि नोट यांच्या मधे गॉगलची काच धरा. चमक विझली तर काच यूव्ही अडवतेय. स्वस्त बॅटऱ्यांचा प्रकाश ४०० च्या अगदी जवळचा, जांभळट असतो, त्यामुळे चांगल्या काचेतूनही किंचित चमक राहू शकते. म्हणून ही अंदाजाची चाचणी समजा. आणि बॅटरीच्या तोंडाकडे पाहू नका, मुलांच्या हातात तर ती देऊच नका.

काचेचा पदार्थ विचारला तरी बरंच कळतं. (काच म्हणायची आपली सवय, पण आज बहुतेक भिंगं प्लास्टिकची असतात.) पॉलिकार्बोनेट मुळातच जवळपास सगळा यूव्ही अडवतं आणि सहसा फुटत नाही. दुचाकी चालवणाऱ्यांना, खेळणाऱ्यांना आणि मुलांना मी तेच देते. सीआर-३९ हे नंबरच्या चष्म्यांचं जुनं, विश्वासाचं प्लास्टिक. त्यातून दिसतं फार स्वच्छ, पण यूव्ही पूर्ण अडवायला त्यात वेगळं द्रव्य घालावं लागतं, म्हणून तिथे विचारायलाच हवं. खरी काच ओरखड्यांना दाद देत नाही, मात्र जड असते आणि फुटली तर डोळ्याजवळ फुटते. दुचाकीवर ती नको.

किमतीचा मुद्दा इथेच संपवते. यूव्ही अडवणारी काच बनवणं आज महाग राहिलेलं नाही, काही शे रुपयांत ती मिळू शकते. महाग गॉगलमध्ये तुम्ही पैसे मोजता ते काचेची सफाई, बिजागरी, लेप, फ्रेमचा पदार्थ आणि नावासाठी. त्यातल्या पहिल्या तीन गोष्टींसाठी थोडे जास्त द्यायला माझी हरकत नाही.

काच किती गडद हवी

इथे दोन वेगळ्या भाषा चालतात आणि गिऱ्हाईक मधल्या मधे फसतं. नंबरच्या काचेला रंग चढवून घेताना दुकानदार 'पन्नास टक्के टिंट', 'पंच्याऐंशी टक्के टिंट' असं म्हणतो. याचा अर्थ तेवढे टक्के प्रकाश अडतो. तयार गॉगलवर मात्र ० ते ४ अशी श्रेणी असते आणि तिथे मोजतात ते किती प्रकाश आत येतो ते. आयएसओ १२३१२-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे श्रेणी ० मध्ये ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश आत येतो, १ मध्ये ४३ ते ८०, २ मध्ये १८ ते ४३, ३ मध्ये ८ ते १८, आणि ४ मध्ये फक्त ३ ते ८ टक्के. म्हणजे ८५ टक्के टिंट आणि श्रेणी ३ ही साधारण एकच गोष्ट.

सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, खानदेश इथल्या उन्हाळ्याला श्रेणी ३ योग्य. सह्याद्रीच्या घाटात, पावसाळी दिवसांत, सकाळ-संध्याकाळ फिरायला श्रेणी २ पुरते. श्रेणी ४ ही बर्फाच्या डोंगरांसाठी. ती घालून वाहन चालवायचं नसतं, इतकी ती काळी असते. "सगळ्यात काळी द्या" म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारते, "दादा, गाडी चालवणार आहात ना?" उन्हातून झाडांच्या दाट सावलीत किंवा पुलाखाली शिरताना समोरचा सायकलवाला दिसला पाहिजे. आणि रात्री कुठलीच रंगीत काच घालून चालवू नये. समोरच्या दिव्यांचा त्रास होतो म्हणून पिवळी काच लावणारे पुष्कळ आहेत, पण ती काचही प्रकाश कमीच करते, आणि रात्री मुळात प्रकाशाचीच चणचण असते. दिव्यांचा फार त्रास होत असेल तर डोळे तपासून घ्या. नंबर बदललेला असतो, नाहीतर मोतीबिंदूची सुरुवात झालेली असते.

रंगाबद्दल माझी आवड सरळ आहे. राखाडी काच सगळे रंग जसेच्या तसे दाखवते, फक्त मंद करते. तपकिरी काच निळा प्रकाश जास्त कापते, त्यामुळे खड्डे, चढउतार, मातीच्या वाटेवरचे दगड उठून दिसतात. शेतात आणि गावाकडच्या रस्त्यांवर वावरणाऱ्यांना मी तपकिरी सुचवते. हिरवट राखाडीही चांगली. निळी, गुलाबी, जांभळी काच हौसेची, सिग्नलचे रंग त्यातून वेगळे भासू शकतात. वर गडद आणि खाली फिकी अशी 'ग्रेडियंट' काच चालकांना सोयीची पडते, कारण खालच्या भागातून गाडीचे काटे नीट दिसतात. जमिनीवरून, पाण्यावरून ऊन उसळत असेल तिथे मात्र तिचा खालचा फिका भाग चकाकी फारशी कमी करत नाही.

पोलराइज्ड, डे-नाईट, मिरर

पोलराइज्ड हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं यात सगळं आलं. तसं नाही. पोलराइज्ड काच चकाकी मारते, यूव्ही अडवणं ही वेगळी गोष्ट. चांगल्या पोलराइज्ड गॉगलमध्ये दोन्ही असतं, पण विचारायचं दोन्ही वेगळं.

चकाकी म्हणजे काय? डांबरी रस्ता, पाणी, गाडीचं बॉनेट अशा सपाट पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश मुख्यतः आडव्या दिशेने थरथरत येतो. पोलराइज्ड काचेतला पडदा नेमका आडवा प्रकाश अडवतो आणि उभा सोडतो. असा कृत्रिम पडदा अमेरिकेत एडविन लँड यांनी शोधला, १९२९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३७ मध्ये पोलरॉइड ही कंपनी काढली. उजनीच्या जलाशयावर दुपारी होडीत बसलेल्या माणसाने ही काच लावली की पाण्यावरचा पांढरा लखलखाट जातो आणि पाण्याच्या आतलं दिसू लागतं. मासेमारी करणाऱ्यांना, पुणे-सोलापूर महामार्गावर रोज दुपारचा प्रवास असणाऱ्यांना, समुद्रकाठी राहणाऱ्यांना ही काच खरोखर सुख देते.

तिचे तोटेही सांगते. लॅपटॉप, मोबाइल, काही स्कूटरचे डिजिटल मीटर, पेट्रोल पंपावरचे आकडे हे एखाद्या कोनातून काळे पडतात. गाडीच्या बाजूच्या आणि मागच्या काचांवर ठिपके किंवा पट्टे दिसतात. तो काचेतला ताण असतो, गॉगल खराब नसतो. विमान चालवणारे उपकरणांच्या पडद्यांमुळेच ही काच टाळतात. पावसाळ्यात दुचाकीवर असाल तर रस्त्यावरच्या ओल्या, तेलकट जागेची चमकही कमी दिसेल, तेव्हा वेग जपा. दुकानात तपासायची रीत सोपी आहे: लॅपटॉपच्या उजळ पडद्यासमोर गॉगल धरा आणि हळूहळू फिरवा. एका कोनात काच जवळपास काळी पडली तर पोलराइज्ड, काहीच बदललं नाही तर साधी.

ज्यांना नंबर आहे ते हटकून 'डे-नाईट' काच मागतात, म्हणजे फोटोक्रोमिक. घरात पारदर्शक, उन्हात काळी. काच चांगली आहे, फिकी असतानाही यूव्ही अडवते, आणि सारखे चष्मे बदलायची कटकट जाते. पण सोलापूरकरांना मी दोन गोष्टी आधीच सांगते. पहिली: ही काच यूव्हीने काळी होते आणि उष्णतेने फिकी. काचेतल्या रेणूंना यूव्ही काळ्या अवस्थेकडे ढकलतो आणि गरमी परत आणते. म्हणून जी काच मनालीला काळीभोर होते, ती आमच्या मेमधल्या दुपारी तितकी गडद होत नाही. ज्या दिवशी सगळ्यात जास्त हवी त्याच दिवशी ती थोडी कमी पडते. दुसरी: मोटारीची पुढची काच थरांची असते आणि बहुतेक यूव्ही तिथेच अडतो. त्यामुळे गाडीत बसल्यावर साधी डे-नाईट काच काळी व्हायला यूव्हीच उरत नाही. हेल्मेटच्या पॉलिकार्बोनेट काचेमागेही तेच होतं. दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होणारे नवे प्रकार आहेत, ते महाग पडतात. दिवसभर गाडी चालवणाऱ्याला मी डे-नाईटऐवजी नंबरचा वेगळा गॉगल करून घ्यायला सांगते.

याच काचेवरून आणखी एक गोष्ट समजते. आषाढात पंढरीची वारी सोलापूर जिल्ह्यात शिरते तेव्हा आभाळ भरलेलं असतं, ऊन जाणवत नाही, आणि तरीही वारीतल्या माणसाची डे-नाईट काच काळसर झालेली दिसते. कारण पातळ ढगांतून यूव्ही बऱ्यापैकी खाली येतोच. ढग आहेत म्हणून गॉगल घरी ठेवू नका.

मिरर काच म्हणजे काचेच्या बाहेरून दिलेला आरशासारखा लेप. तो थोडा प्रकाश परतवतो, एवढंच. ओरखडे त्यावर लगेच उठून दिसतात. आवडली तर घ्या, पण यूव्हीचा प्रश्न तिथेही विचारायचाच. आतल्या बाजूला चकाकी कमी करणारा लेप असेल तर मागून येऊन काचेवर आदळणारं ऊन डोळ्यात परतत नाही, त्याचे थोडे जास्त पैसे द्यायला मी सांगते.

फ्रेम

कडेच्या उन्हाचं वर सांगितलं, त्यामुळे इथे माझा आग्रह जास्त आहे. काच भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत यायला हवी. फ्रेमला चेहऱ्याच्या वळणाप्रमाणे थोडी गोलाई हवी आणि काड्या पुढच्या बाजूला रुंद हव्यात. लहान गोल किंवा अरुंद काचा दिसायला छान, पण भर उन्हात त्यांच्या चारही बाजूंनी प्रकाश शिरतो. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा आपली भुवईच डोळ्यावर सावली धरते. सकाळी नऊच्या सुमारास किंवा दुपारी तीन-चारला तिरपं ऊन सरळ डोळ्यात आणि कडेने येतं. म्हणून 'भर दुपारीच गॉगल' हा हिशेब सोडा. सोबत कडा असलेली टोपी किंवा छत्री असेल तर वरून येणारं ऊनही अडतं, आणि शेतात डोक्यावर ओढलेला पदर किंवा बांधलेला रुमाल पुढे छपरीसारखा आला तर तोही उपयोगी पडतो.

घालून पाहताना आरशासमोर नुसतं उभं राहू नका. खाली वाका, मान हलवा, मोठ्याने हसा. वाकल्यावर गॉगल घसरला तर घामात तो नाकाच्या शेंड्यावरच राहणार आणि वरून ऊन शिरणार. आपल्याकडे पुष्कळांच्या नाकाचा वरचा भाग रुंद असतो, त्यांनी हलवता येणारे नोज पॅड असलेली फ्रेम घ्यावी, दुकानदाराकडून ती जुळवून घ्यावी. हसल्यावर गाल काचेला टेकतात का, पापण्यांचे केस काचेला लागतात का, तेही बघा. हेल्मेट वापरत असाल तर ते सोबतच घेऊन या. जाड काड्या हेल्मेटखाली कानावर दाबतात आणि तासाभरात डोकं ठणकायला लागतं. सरळ, पातळ काडी आत सहज सरकते. कडेचं ऊन तिथे हेल्मेटची काचही अडवते.

मग काचेची सफाई. गॉगल हातभर लांब धरा आणि त्यातून दाराच्या चौकटीची किंवा फरशीची सरळ रेघ पाहा. गॉगल हळूहळू वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवा. रेघ लाटेसारखी हलली, वाकली तर ती काच नको, तिने डोकं दुखेल. नंतर गॉगल पांढऱ्या कागदावर ठेवून दोन्ही काचांची छटा सारखी आहे का पाहा.

नंबर असणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. लहान नंबर असेल तर जवळपास कुठल्याही चांगल्या गॉगल फ्रेममध्ये नंबरची काच बसवता येते. मोठा नंबर आणि फार गोल फ्रेम यांचं जमत नाही, कडेचं वाकडं दिसतं आणि काच जाड दिसते. तेव्हा मध्यम गोलाईची फ्रेम आणि रुंद काड्या घ्या. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजल्याशिवाय नंबरचा गॉगल करू नका. ज्यांना दुसरा चष्मा परवडत नाही त्यांच्यासाठी चष्म्यावरून घालायचे मोठे गॉगल मिळतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांना मी बहुधा तेच देते, कारण ते कडाही झाकतात. आज बसवल्या जाणाऱ्या बहुतेक कृत्रिम भिंगांत यूव्ही अडवायची सोय असते, तरी शस्त्रक्रियेनंतर उजेड पुष्कळ दिवस बोचतो.

मुलांबद्दल मी फार ठाम आहे. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ असतं, त्यामुळे त्यांच्या मागच्या पडद्यापर्यंत जास्त यूव्ही पोहोचतो. आणि उन्हात जास्त खेळतात तीच. जत्रेतला खेळण्यातला रंगीत गॉगल मुलाच्या डोळ्यावर तासन्‌तास राहू देऊ नका. पॉलिकार्बोनेटचा, मागे पट्टा असलेला, तपासलेला गॉगल घ्या. मूल घालत नसेल तर कडा असलेली टोपी तरी डोक्यावर राहू द्या.

वापर आणि निगा

आमच्याकडच्या काळ्या मातीची धूळ काचेवर बसते आणि आपण ती शर्टाच्या टोकाने किंवा पदराने कोरडीच पुसतो. धुळीतले कण काचेवर रेघा मारतात. आधी नळाच्या पाण्याखाली धरा, वाटलं तर साबणाचा एक थेंब लावा, मग मऊ कापडाने टिपा. घाम आणि सनस्क्रीन यांनी लेप उतरतात, म्हणून संध्याकाळी धुवायची सवय ठेवा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर गॉगल ठेवू नका. तिथल्या उष्णतेने लेपाला बारीक तडे जातात आणि प्लास्टिकची फ्रेम वाकते. यूव्ही शोषणारं द्रव्य काचेच्या आतच मिसळलेलं असेल तर चार ओरखड्यांनी संरक्षण जात नाही, पण अंधुक दिसायला लागलं की माणूस गॉगल काढून ठेवतो, आणि तेव्हा बदलायची वेळ झालेली असते.

डोळा अचानक लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर गॉगल घेऊन वेळ काढू नका. बुबुळावर जखम किंवा डोळ्याच्या आत सूज असू शकते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. वेल्डिंगच्या ठिणगीकडे गॉगल घालून पाहणारे कामगारही माझ्याकडे येतात. वेल्डिंगला वेल्डिंगचीच काच लागते, उन्हाचा गॉगल तिथे निकामी.

ग्रहणाचंही तसंच आहे. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे आणि आपल्याकडच्या पश्चिम भागातून ते संध्याकाळकडे खंडग्रास दिसेल. श्रेणी ४ चा गॉगल, एकावर एक दोन गॉगल, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच यांतलं काहीही लावून सूर्याकडे पाहू नका. त्यासाठी आयएसओ १२३१२-२ हे वेगळं मानक आहे. तो आकडा छापलेला ग्रहणचष्मा विश्वासाच्या ठिकाणाहून घ्या, आणि त्याच्या फिल्मवर ओरखडा किंवा टाचणीएवढं भोक दिसलं तरी तो वापरू नका.